मालिकेतल्या घरात पगाराचा दिवस कधी येणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेले काही आठवडे आपल्या वाचकपत्रांत मराठी मालिकांवरून वाद चालला आहे. मालिका घरं मोडतात, असं काहींचं म्हणणं. प्रेक्षकांनाच भांडणं हवी असतात, मग वाहिन्यांनी काय करायचं, असं दुसऱ्यांचं. दोन्हीकडची पत्रं मी मन लावून वाचली आणि मला दोन्हीकडचं पटलं नाही. भांडण कुठल्या घरात नसतं? लालबागच्या चाळीत आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहायची. नळावरून, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून, रेशनच्या साखरेवरून रोज तोंडं लागायची. मालिकेतली भांडणं खोटी वाटतात, कारण त्यांच्यामागे ना पैसा असतो, ना काम, ना जागेची अडचण. घरातला कर्ता माणूस नेमकं काय काम करतो, हे दोनशे भाग झाले तरी कळत नाही. त्याचा 'बिझनेस' असतो. मोठ्या टेबलाशी बसून तो फायलींवर सह्या करतो. त्या घरात पगार उशिरा होत नाही, कुणी कुणाकडे उसने मागायला जात नाही, महिनाअखेर कधी उजाडतच नाही.

मी मुंबई महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. लेक अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात असते. तिच्याकडे राहायला गेले असताना शेजारच्या आजींनी मला एका जुन्या मालिकेच्या डीव्हीडी आणून दिल्या. 'द वॉल्टन्स' हे तिचं नाव. १९७२ ते १९८१ अशी नऊ वर्षं ती सीबीएस या वाहिनीवर चालली. १९३० च्या दशकातली महामंदी, डोंगरातलं एक गाव, लाकडाची छोटी वखार चालवणारे वडील, आई, आजी-आजोबा आणि सात मुलं. थोरल्याला लेखक व्हायचंय. इंग्रजी समजायला मला सुरुवातीला लेकीची मदत लागली, पण घर समजायला लागली नाही.

ही मालिका ज्याच्या आयुष्यातून आली त्या अर्ल हॅम्नर या लेखकाविषयी आपल्या वाचकांना सांगावं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. त्याचा जन्म १० जुलै १९२३ चा, व्हर्जिनियातल्याच स्कायलर नावाच्या खेड्यातला. आठ भावंडांत तो सगळ्यांत मोठा. स्कायलरमध्ये सोपस्टोन नावाचा मऊ, उष्णता सोसणारा दगड निघतो. त्याच्या मोऱ्या, प्रयोगशाळेतल्या टेबलांचे पृष्ठभाग असं सगळं तिथल्या कारखान्यात तयार व्हायचं. गाव त्या कारखान्यावर जगत होतं आणि हॅम्नरचे वडीलही तिथेच कामाला होते. मंदीत कारखाना बंद पडला. वडिलांना वेन्झबोरो या दूरच्या गावी कामाला जावं लागलं. आठवडाभर तिथे भाड्याच्या खोलीत राहायचं आणि सुटीला घरी यायचं. येताना बस हमरस्त्यावर सोडायची, पुढचे सहा मैल पायी. १९३३ च्या नाताळच्या आदल्या रात्री बर्फ पडत होतं, वडिलांना उशीर झाला आणि घरातली सगळी वाट पाहत बसली. हॅम्नर तेव्हा दहा वर्षांचा होता. त्या रात्रीवर त्याने १९७० साली एक छोटी कादंबरी लिहिली. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिच्यावरचा चित्रपट टीव्हीवर दाखवला गेला, लोकांना तो आवडला आणि त्यातून मालिका उभी राहिली. नऊ वर्षांच्या मालिकेचं बी म्हणजे कामावरून घरी यायला उशीर झालेला एक बाप.

हे वाचून गिरणगावातल्या, म्हणजे लालबाग-परळच्या कापडगिरण्यांच्या वस्तीतल्या, माणसाचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होते. अडीच लाख कामगार एकदम बाहेर आले. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल म्हणता म्हणता वर्ष गेलं. वाण्याने उधारी बंद केली, आईच्या पाटल्या गेल्या, आणि मग वडील भिवंडीला पॉवरलूमवर गेले. गिरणीत त्यांना महिन्याचा पगार होता, भत्ता होता, बोनस होता. भिवंडीत मीटरवर पैसे. जितकं कापड निघेल तितके, आणि वीज गेली की तेही नाहीत. खानावळीत जेवायचे, तिथेच दोघा-तिघांत एक खाट. सुटीच्या दिवशी घरी यायचे. हिशेब झालाय की पंधरवड्यावर गेलाय, हे आई त्यांना न विचारता ओळखायची. पिशवीत भाजी असली की झालाय. हॅम्नरच्या बापाच्या जागी मला माझे वडील दिसले, यात नवल काय? नवल याचं वाटतं की सातासमुद्रापलीकडच्या लेखकाने ते लिहिलं, लाखो लोकांनी ते बघितलं, आणि आमच्याकडे अडीच लाख घरांत हेच घडलं असताना आमच्या रोजच्या मालिकांतल्या घरांना त्याचा वासही नाही. गिरणगावावर नाटकं झाली, कविता झाल्या, अभ्यास झाले. रोज रात्री साडेसातला घराघरांत जे दिसतं त्यात मात्र साच्यावरचा माणूस नाही, त्याची बायको नाही, आणि संपानंतर शिवणयंत्रावर घर चालवलेली माझ्या आईच्या पिढीतली एकही बाई नाही.

इथे कुणी म्हणेल, घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर हॅम्नरच्या कामात आहे. त्याने घराचं नाव बदललं, गावाचं बदललं. आठ भावंडांची सात केली. दगडाच्या कारखान्यातल्या बापाला लाकडाची वखार दिली. ज्यामुळे आपली माणसं उघडी पडतील ते त्याने झाकलं आणि ज्यामुळे ती खरी ठरतात ते ठेवलं. पैशाची चणचण ठेवली, आईची देवावरची श्रद्धा ठेवली, भावंडांची चिडवाचिडवी ठेवली. दिवे मालवल्यावर अंधारातच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाका मारून 'गुड नाइट' म्हणायची त्याच्या घरातली सवयसुद्धा ठेवली. जवळजवळ प्रत्येक भाग तिनेच संपतो. सुरुवातीला आणि शेवटी मोठा झालेला थोरला मुलगा दोन शब्द बोलतो, तो आवाज खुद्द हॅम्नरचा आहे. त्या मुलाला पुढे बोटराइट नावाच्या विद्यापीठात जायला मिळतं. खऱ्या हॅम्नरला शिष्यवृत्ती मिळाली ती रिचमंड विद्यापीठाची. लेकीने तिथलं ग्रंथालय मला दाखवलं, त्याचं नाव बोटराइट ग्रंथालय. आयुष्यातलं किती घ्यायचं आणि कुठे वळवायचं, हे शिकायला आपल्या नव्या लेखकांना यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

या मालिकेचे सगळे भाग हॅम्नरने स्वतः लिहिले नाहीत. अनेक लेखक होते. पण एकदा घर पक्कं उभं राहिलं की दुसऱ्यालाही त्यात खरं लिहिता येतं. जॉन मॅकग्रीव्ही या लेखकाचा 'द स्कॉलर' नावाचा एक भाग आहे. गावातल्या एका काळ्या बाईला लिहिता-वाचता येत नाही. तिची मुलगी पदवीधर होणार आहे. मुलीसमोर लाज वाटू नये म्हणून ती थोरल्या मुलाकडे येते आणि कुणाला न सांगता शिकवशील का, असं विचारते. या लेखनाला एमी हा अमेरिकेतला टीव्हीचा मानाचा पुरस्कार मिळाला. मी सगळं आयुष्य शिकवण्यात घालवलं. पालकसभेला येणाऱ्या आया रजिस्टरवर अंगठा देताना बोट पदराआड कसं पुसायच्या, हे मी पाहिलं आहे. त्या भागातली बाई पहिल्यांदा शिकायला बसते तेव्हा तिचं ते ताठ बसणं खरं आहे. ज्याने कुणी शिकणारा मोठा माणूस पाहिलाय त्यालाच ते लिहिता येतं. त्या काळच्या व्हर्जिनियात काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. त्या अन्यायाकडे ही मालिका क्वचितच वळली, आणि ही तिची मोठी उणीव आहे असं माझं मत आहे. तरी हा एक भाग मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला दाखवला असता.

आजी-आजोबांचंही सांगायला हवं. आजीचं काम करणाऱ्या एलन कॉर्बी यांना १९७६ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. बोलणं जवळजवळ गेलं. १९७८ मध्ये त्या परत आल्या तेव्हा लेखकांनी मालिकेतल्या आजीलाच पक्षाघात झाल्याचं दाखवलं. मोजके शब्द, मोठ्या कष्टाने उच्चारलेले. घरातली सगळी त्या शब्दांसाठी थांबतात. त्याच वर्षी आजोबांचं काम करणारे विल गीअर वारले. त्यांच्या जागी दुसरा नट आणला नाही. पुढचं पर्व सुरू झालं तेव्हा मालिकेतले आजोबाही गेलेले होते आणि घर त्यांच्यावाचून चालू राहिलं. आपल्याकडे काय होतं? नट बदलतो, 'आता ही भूमिका साकारणार' अशी पाटी येते आणि घरातल्या कुणाच्याही चेहऱ्यावर काही हलत नाही. नाहीतर ते पात्र परदेशी जातं आणि पुन्हा त्याचं नाव निघत नाही. म्हातारपण, आजारपण, शुश्रूषा, औषधांचा खर्च, रात्री कुणी उठायचं यावरून दोन जावांमध्ये होणारी बोलाचाली. यातल्या एकेका गोष्टीत महिनाभराचं नाट्य आहे. ते सोडून आपण चहात विष कालवत बसतो.

आता लेखकांच्या बाजूने. दोष त्यांचा आहे असं मला अजिबात वाटत नाही, आणि माझ्या ओळखीत मालिकांसाठी संवाद लिहिणारा एक मुलगा आहे म्हणून हे मी खात्रीने सांगू शकते. तो माझा जुना विद्यार्थी. 'द वॉल्टन्स'चे नऊ वर्षांत मिळून २२१ भाग झाले, आठवड्याला एक. आपली मालिका आठवड्याला सहा भाग दाखवते, म्हणजे २२१ चा आकडा ती नऊ महिन्यांच्या आत ओलांडते. त्यांचा एक भाग तासाचा, आपला अर्ध्या तासाचा, हा फरक धरला तरी त्यांचं नऊ वर्षांचं लेखन आपला लेखक दीड वर्षात उरकतो. त्यातही कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. गुरुवारी टीआरपी आला की शुक्रवारी गोष्ट बदलते. सेटवर कलाकार मेकअप करून बसलेले असतात आणि माझा विद्यार्थी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर प्रसंग टाइप करत असतो. त्याचे वडील बेस्टमध्ये वाहक होते. दुपारच्या पाळीवरून रात्री उशिरा घरी आल्यावर ते पैशांचा भरणा कमी आला का हे आठवून आठवून कसे बसायचे, हे तो मला सांगतो तेव्हा मी म्हणते, अरे, हे लिही. तो म्हणतो, बाई, हे 'ट्रॅक'मध्ये बसत नाही.

हॅम्नरलाही ही ओढाताण चुकली नाही. 'द वॉल्टन्स' संपल्यावर त्याला द्राक्षमळे असलेल्या एका कुटुंबाची तशीच मायेची मालिका करायची होती. पण तोवर श्रीमंत घराण्यांच्या कटकारस्थानांची 'डॅलस' तुफान चालत होती आणि वाहिनीला तसलंच हवं होतं. त्यातून 'फाल्कन क्रेस्ट' झाली. तीही नऊ पर्वं चालली. म्हणजे कारस्थानं तोही लिहू शकत होता. वाहिनीने जे मागितलं ते त्याने दिलं. म्हणून माझं म्हणणं लेखकांकडे नाही, मागणाऱ्यांकडे आहे. 'द वॉल्टन्स' सुरू झाली तेव्हा ती टिकेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. गुरुवारी रात्री समोरच्या वाहिनीवर फ्लिप विल्सन यांचा लोकप्रिय विनोदी कार्यक्रम होता. पहिले काही महिने प्रेक्षक कमी होते. सीबीएसने मालिका काढून टाकली नाही, उलट वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांना ती बघायचं आवाहन केलं. १९७३ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी मिळाला आणि दुसऱ्या वर्षी ती साऱ्या अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेली. वाहिनीने काही महिने धीर धरला, एवढंच.

आपल्या प्रेक्षकांना हे पेलणार नाही, असं मला कुणी सांगू नये. १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली तेव्हा आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता आणि संप संपल्याचं कुणी सांगितलेलं नव्हतं. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेलं ते घर दिल्लीकडचं, भाषा हिंदी. पण दारुडा बाप, सोसणारी आई, नोकरी नसलेला मुलगा आणि लग्नाच्या मुली हे सगळं आमच्या मजल्यावर होतंच. भागाच्या शेवटी अभिनेते अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे आणि देशभरातून त्यांना लाखो पत्रं जायची. मराठीत १९९९ मध्ये प्रतिमा कुलकर्णींची 'प्रपंच' आली. एका मोठ्या घरातली माणसं, प्रत्येकाचं कामधाम, प्रत्येकाची अडचण. आजही तिच्याविषयी बोलताना लोकांचे आवाज मऊ होतात. हे सगळं याच प्रेक्षकांनी बघितलं आहे.

स्कायलर गावातल्या ज्या शाळेत हॅम्नर शिकला, तिथे १९९२ पासून या मालिकेचं एक छोटं संग्रहालय आहे. मालिकेतलं स्वयंपाकघर, थोरल्या मुलाची लिहायची खोली तिथे जशीच्या तशी मांडली आहे. लेक मला तिथे घेऊन गेली होती. स्वयंपाकघरातलं लांब टेबल बघताना माझ्याशेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. आमच्याकडे असंच होतं, असं ते आपल्या नातीला सांगत होते. लालबाग-परळमध्ये आता गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत. आमच्या चाळीचाही पुनर्विकास झाला. माझ्या नातीला साचा म्हणजे काय, बदली कामगार कोण, पहिल्या भोंग्याला घर कसं जागं व्हायचं, हे कुठे दाखवू? मला सांगता येतं तेवढं मी सांगते. पण माझ्या पिढीनंतर ते सांगणारं कोण राहील याची मला खरोखर काळजी वाटते, आणि रोज रात्री प्रत्येक घरात शिरणाऱ्या माध्यमाने हे काम अंगावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फार मोठं काही मागत नाही. कुठल्याही एका मराठी वाहिनीने आठवड्यातून एकदा, रविवारी, तासाभराची वेळ एका लेखकाला द्यावी. भाग आधीच ठरलेले, वीस किंवा पंचवीस. टीआरपी बघून मध्येच गोष्ट फिरवायची नाही. लेखकाने आपल्याला माहीत असलेलं घर लिहायचं. गिरणीतलं असो, उसाच्या फडावरचं असो, गोव्यातल्या खाणीवर ट्रक चालवणाऱ्याचं असो, नाशिकच्या द्राक्षबागेतलं असो की ठाण्यातल्या कॉल सेंटरवर रात्रपाळी करणाऱ्या मुलीचं. आणि संपादक महाशय, आपल्यालाही एक सांगणं आहे. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला मालिकांवर अर्धं पान असतं. नायिकेच्या साड्यांची, नायकाच्या व्यायामाची माहिती त्यात येते. त्या पानावर प्रत्येक मालिकेसमोर कथा, पटकथा आणि संवाद लिहिणाऱ्यांची नावं छापायला सुरुवात करा. माझ्या त्या विद्यार्थ्याचं नाव गेल्या चार मालिकांत मिळून एकदाही कुठल्या वर्तमानपत्रात आलेलं नाही. त्याची आई आपलाच पेपर घेते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, लालबाग, मुंबई